क्रेनवरची न्याहारी

नवरा गेल्यापासून घरात दोघीच होत्या, ती आणि सासूबाई. बोलणं कामापुरतंच. रडणं आधीच संपलं होतं आणि त्याच्या जागी दुसरं काही आलं नव्हतं.

ती बांधकामावरची उंच क्रेन चालवायची. सकाळी शिडीने केबिनमध्ये चढली की दुपारच्या सुट्टीपर्यंत खाली यायची सोय नव्हती. त्यामुळे डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगून गोळ्या दिल्या आणि पाव, जॅम, गोड चहा बंद केला, तेव्हा सासूबाईंनाच घोर लागला.

"मग ही वर टिकणार कशावर?"

तिने मात्र शेजारणीची बातमी ऐकावी तसं ऐकलं. सासूबाई दोन अंडी उकडून पुढ्यात ठेवायच्या, ती गिळून निघायची. मधेच पोटात कावळे ओरडायचे. ओरडू देत, ती म्हणायची.

एका सकाळी लोखंडी सळ्यांचा भारा हुकाला लटकत असताना तिचे हात कापायला लागले. अंगाला दरदरून घाम सुटला. समोरची इमारत धूसर झाली. वॉकीटॉकीवर खालचा माणूस ओरडला. इशारे देणाऱ्या त्या माणसाला सगळे शिट्टी म्हणत.

"ताई, भारा हलतोय! काय झालं?"

"खालची माणसं बाजूला घे," ती म्हणाली. आवाज अगदी सपाट होता.

तिने भारा इंचाइंचाने जमिनीला टेकवला, ब्रेक लावला आणि केबिनमध्येच खाली बसली. भीती वाटायला हवी होती. वाटली नाही, आणि त्याचंच तिला किंचित नवल वाटलं. शिट्टी धापा टाकत वर आला, खिशातल्या लिमलेटच्या गोळ्या त्याने तिच्या तोंडात कोंबल्या आणि थरथर थांबेपर्यंत तिथून हलला नाही.

संध्याकाळी सासूबाई तिला जवळजवळ ओढतच दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाले, "साखर एकदम उतरली होती. गोळी निम्मी करू. पण पाव सोडा म्हटलं होतं, उपाशी राहा नव्हतं म्हटलं. पोटभर खा. अंडी, चीज, दाणे, भाज्या. आणि खिशात साखर ठेवा."

दुसऱ्या दिवशी ती उठली तेव्हा स्वयंपाकघरात चरचर ऐकू येत होती. तीन अंड्यांचं जाड ऑम्लेट, आत लोण्यावर परतलेला पालक आणि मश्रूम, वर किसलेलं चीज. बाजूला वाटीभर भाजलेले दाणे. आणि टेबलावर दोन ताटल्या. कित्येक दिवसांनी सासूबाई तिच्यासमोर खायला बसल्या.

दोघी खात राहिल्या.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

सासूबाईंचा घास हातातच राहिला. "रोज अळणी अंडी गिळत होतीस, तेव्हा नाही कळलं ते?"

"नाही."

सासूबाईंनी मिठाची बरणी तिच्याकडे सरकवली, मग परत ओढून आपल्याही ताटलीत चिमूटभर घातलं.

"तो क्रेनवर धावून आलेला मुलगा," त्या जरा वेळाने म्हणाल्या, "शिट्टी की काय. त्याला एकदा जेवायला बोलव."

"बोलवते."

त्या दिवशी दुपारपर्यंत तिला भूक लागली नाही. आनंद वगैरे काही झाला नाही. दिवसभर ती सळ्या उचलत राहिली, हात स्थिर होते.