फर्म्यांवरची नावं

आजोबांनी गिऱ्हाइकाचं खरं नाव फर्म्यावर कधीच लिहिलं नाही. फर्मा म्हणजे पायाच्या आकाराचा लाकडी ठोकळा. त्यावर चामडं ताणून मापाचा बूट शिवतात. दुकानाच्या मागच्या खोलीत असे एकशे बारा जोड फळ्यांवर मांडलेले होते. प्रत्येक जोडाला सुतळीने पुठ्ठ्याचं लेबल बांधलेलं असायचं: कुरकुर, लगबग, बदकराव, सासूबाई. आजोबा म्हणायचे, नाव विसरतं, चाल विसरत नाही.

ते जाऊन तीन वर्षं झाली होती. आत्या दुकान चालवत होती, म्हणजे पुढच्या भागात तयार चपला विकत होती आणि टाचा-तळवे दुरुस्त करून देत होती. मापाचे बूट शिवायला कोणी येत नव्हतं. घरमालकाला मागची खोली पुढच्या महिनाअखेर परत हवी होती. खोली गेली की फर्मे जळणात, हे आत्याने ठरवून टाकलं होतं. "लाकूड चांगलं वाळलंय," एवढंच म्हणाली आणि उगाच फडकं झटकत बसली.

मी नुकतीच संख्याशास्त्राची पदवी घेऊन घरी बसले होते. लोकांना विचारलंच नाहीस, तर नको आहेत हे कशावरून ठरवलंस, असं मी तिला म्हटलं. प्रत्येक जुन्या गिऱ्हाइकाला एक कार्ड पाठवायचं. कार्डावर ज्याचा त्याचा वेगळा वेब-पत्ता. तो उघडला की त्याच्याच फर्म्यांचा फोटो दिसेल आणि खाली, मापाला कधी येता ते कळवा, अशी एक ओळ. शिवाय कोणतं पान कधी आणि किती वेळा उघडलं गेलं, हे आपल्याला कळतं.

आत्याने सगळं ऐकून घेतलं. "शास्त्रज्ञबाई, वीस जण मापाला आले तर खोली ठेवते. एकोणीस आले तर नाही."

आत्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

फोटो काढायला आठवडा लागला, कारण आत्या प्रत्येक जोड पुसता पुसता बोलत होती. लगबग एकदा एका पायात जुना आणि एका पायात नवा बूट घालून निघून गेला होता. दुसऱ्या दिवशी उरलेला न्यायला आला तेव्हाही घाईतच होता. बदकराव आपल्या तीन मुलांना घेऊन यायचे आणि चौघं एका ओळीत, अगदी एकसारखे डुलत रस्ता ओलांडायचे. बाहेर पावलं वाजली की आजोबा मान वर न करता कोण आलं ते सांगायचे, आणि आत्या लहानपणी दारामागे उभी राहून ते चुकायची वाट बघायची. "दोनदाच चुकले," ती म्हणाली. मेणाचा आणि चामड्याचा तो वास इतके दिवस त्या खोलीत असेल, असं मला वाटलं नव्हतं.

वेब-पत्त्यासाठी प्रत्येकाचं काहीतरी छोटं आणि दुसऱ्या कोणाचं नसलेलं हवं होतं. लेबल तयारच होतं. मी दुकानाच्या नावापुढे तिरपी रेघ देऊन तेच टाकलं. घरांचे पत्ते आत्याने वहीत बघून हाताने लिहिले. इंग्रजी अक्षरांतली ती बारीक ओळ तिने वाचलीच नाही.

कार्डं टाकल्यावर चौथ्या दिवशी एक म्हातारे औषधविक्रेते आले. काउंटरवर कार्ड ठेवून म्हणाले, "ताई, माझ्या पत्त्यात हे कुरकुर काय आहे?"

आत्याने आधी कार्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आजोबांची ही नावं घरातली होती. चाळीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाच्या कानावर गेली नव्हती. औषधविक्रेते मात्र हसत होते. बायको तर याहून वाईट म्हणते, असं सांगून त्यांनी माप दिलं. ते गेल्यावर आत्या स्टुलावर बसली.

"दीडलाही गेलं?"

गेलं होतं. दीड म्हणजे शाळेत शिकवणाऱ्या एक बाई. त्यांचा उजवा पाय लहानपणापासून आखूड होता. माझ्या नोंदीत त्यांचं पान चार दिवसांत नऊ वेळा उघडलेलं दिसत होतं. मापाचा दिवस त्यांनी कळवला नव्हता.

पुढच्या तीन आठवड्यांत आणखी तेरा जण आले. सासूबाई भांडायलाच आल्या, पण माप देऊन गेल्या. दीडचं पान अधूनमधून उघडत राहिलं. शेवटच्या दिवशी दुपारी बाई स्वतः आल्या आणि बूट न काढता बसल्या.

"हे नाव कोणी ठेवलं?"

आत्याला माझ्यावर ढकलता आलं असतं. "बाबांनी. पण मीही तेच म्हणायचे. दीडचे तळवे झाले का, असं."

बाई म्हणाल्या, "शाळेत पोरं काय काय म्हणायची. मला वाटायचं, या एका दुकानात माझ्या पायाला नाव नाही."

आत्याने आत जाऊन त्यांचे फर्मे आणले आणि बाईंच्या मांडीवर ठेवले. उजव्या फर्म्यावर चामड्याचे सात थर चिकटवलेले होते. तळाशी आजोबांच्या बारीक अक्षरात पेन्सिलीच्या नोंदी होत्या: तारीख, उंची, आणि नवा बूट घालून दारापर्यंत किती पावलं. पहिल्या जोडाला चौदा. मग तेरा. 'आज दुखलं, बोलली नाही, उंची कमी केली.' मग अकरा.

बाईंनी चष्मा लावून सगळं वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"नावाचा राग आहेच," त्या म्हणाल्या. "घ्या माप." आणि बूट काढला.

पंधरा झाले. संध्याकाळी घरमालकाला आत्याने खोली रिकामी करते म्हणून कळवलं. पंधरा म्हणजे शेकडा तेरा, अशा पत्रांना एवढा प्रतिसाद क्वचितच मिळतो, हे मी तिला सांगून पाहिलं. "शब्द वीसचा होता," ती म्हणाली, आणि दुकानाच्या पुढच्या भागातल्या तयार चपला खोक्यांत भरायला लागली. ती खोली देणार होती, फर्मे नव्हे.

रिकाम्या झालेल्या फळ्यांवर आम्ही एकेक जोड आणून मांडला. आता ते येणाऱ्याजाणाऱ्याला दिसणार, म्हणून मी लेबलं भिंतीकडे वळवायला लागले.

"राहू दे तशीच," आत्या म्हणाली. "तुझी गावभर पत्रं धाडून झालीयेत."