नसलेला धूर

सर्दी झाली की मारोतरावांना कापसाच्या खोलीतून धुराचा वास येई. तीन वर्षांपूर्वी या खोलीत खरोखर आग लागली, तेव्हा सर्दीनंच त्यांचं नाक चोंदलेलं होतं. धूर कळलाच नाही, आणि कापसावर निजलेली त्यांची बायको वच्छला गेली.

दारव्ह्याच्या डॉक्टरांनी त्यांना समजावलं होतं, "विषाणू आठवडाभरात जातो, काका. पण त्याच्याशी लढणारे शरीराचे पहारेकरी मागे हटत नाहीत. म्हणून तुमच्या सायनसची सूज राहते, अन् नसलेला वास येतो. नाकात रोज फवारा मारा."

आज पुन्हा वास आला. मारोतराव उठून खोलीत गेले.

"बाबा, जळत काही नाही. तुमचं नाकच खोटं बोलून राह्यलं," सून दिपाली स्वयंपाकघरातून म्हणाली. "फवारा मारला का?"

"नाही."

"काहून?"

"वास गेला, तं मी इथं पाहाले येणार नाही."

मारोतरावांनी कापसात कोपरापर्यंत हात घातला. कापूस थंड होता. तरी ते हात तसाच ठेवून उभे राहिले. आतून कोणी तो धरील, याची भीती वाटत होती की आशा, त्यांचं त्यांनाच कळेना.