तिकोण्याच्या कड्यावरचं झुडूप

माझ्या चित्राला इंग्रजी चौथीचा सगळा वर्ग हसला होता. बोटाएवढे जाड, मांसल दांडे आणि त्यांवर चांदणीसारखं, पिवळ्या ठिपक्यांचं तांबडं फूल.

"हे झाड देवाने केलं की तुम्ही?" गोपाळकृष्ण मास्तरांनी विचारलं.

मी म्हटलं, तिकोणा गडाच्या कड्यावर आहे. गणपतीच्या सुट्टीत मामाकडे जाईन तेव्हा आणून दाखवते.

ऋषिपंचमीच्या सकाळी कडा गाठला, तर झुडूप गायब. बुडाशी बोटभर खुंट तेवढे उरलेले, विळ्याने सफाईने कापलेले.

चोर मला ठाऊक होता. लोणावळ्याच्या बंगल्यांना रानातली रोपं पुरवणारा दत्तोबा. आदल्या दिवशी याच वाटेने तो उतरला होता आणि मला बघताच त्याने टोपलीवर फडकं ओढलं होतं. तडक त्याच्या दारात गेले.

"दत्तोबाभाऊ, टोपली दाखवा."

"का गं शाळावाले, जकात घेतीस व्हय?" त्याने फडकं काढलं. नुसते नेचे. "ऊन लागलं की माना टाकत्यात, म्हून झाकतो."

"आणि चांदणीच्या फुलाचं झुडूप?"

"त्या फुलाला मेल्या उंदरावानी वास. कुटला शेठ दारात लावंल?"

कारण पटण्यासारखं होतं. म्हणूनच माझा संशय वाढला.

घरी येऊन धुसफुसतच पानावर बसले. धोंडामामीने ऋषीची भाजी वाढली. अळू, भोपळा, कणसाचे तुकडे. दोनदा मागून घेतली.

"मामी, या हिरव्या फोडी कसल्या?"

"कड्यावरल्या. आज बैलाच्या कष्टाचं खायाचं न्हाई. कड्यावर कुटं नांगर चालतो?"

हातातला घास पानात ठेवला. "अगं, तो माझा पुरावा होता!"

"बुडं ठेवल्यात की. सासूबाईंपासून तेवढंच कापतो, दरसाल फुटतंय. फुलं तेवढी उकिरड्यावर टाकली."

माशा घोंघावत होत्या, त्यावरून एक फूल सापडलं. कंपासपेटीत घातलं. परतीच्या वाटेवर दत्तोबा भेटला.

"घावला का चोर?"

"घावला." माझी मान खाली. "चुकले मी, दत्तोबाभाऊ."

"कोन निगाला?"

"मीच. दोनदा वाढून घेतलं."

शाळेत मास्तरांनी पेटी उघडली, नाकाला रुमाल लावला आणि बराच वेळ भिंगातून बघितलं.

"फूल खरं आहे. बाकीचं झाड?"

"खाल्लं, सर."

मास्तरांनी भिंग खाली ठेवलं. चित्राकडेसुद्धा इतक्या संशयाने त्यांनी पाहिलं नव्हतं.