उपाशी सशाची मोची

किमिएबाईंनी पहिल्यांदा ‘मोची, मोची’ म्हणत माझा हात ओढला, तेव्हा मी घरात जाऊन माझी तुटकी चप्पल घेऊन आले. मला काय ठाऊक! परदेशातल्या या बुओना व्हिस्टात मोची सापडलाय म्हटल्यावर मी बरी संधी सोडीन? इथे चपलेला अंगठा लावून देणारा शोधायचा तर विमानाचं तिकीट काढावं लागतं. बाईंनी चपलेकडे बघितलं, मग आपल्या ताटलीतल्या पांढऱ्या गोळ्याकडे, आणि इतक्या हसल्या की खाली स्विमिंग पूलवरचा लाइफगार्ड पाण्यात उडी मारायला निघाला. आम्ही अकराव्या मजल्यावर राहतो, तरीसुद्धा.

तर मोची म्हणजे चिकट तांदूळ वाफवून, कुटून केलेला गोळा. आणि आमच्या या समोरच्या फ्लॅटमधल्या जपानी बाईंना गोळ्याइतकंच त्याचं गाणं प्यारं. त्यांच्या गावात मोची कुटताना म्हणायचे म्हणे. सणासणाची मोची वेगळी आणि दर मोचीचं एक कडवं. नव्या वर्षाची एकावर एक बसवलेली जोडी, मुलींच्या सणाची तीन रंगांची, मे महिन्यात पानात गुंडाळलेली, शरदात चंद्राला दाखवायची. कडवं संपलं की एकीनं मुसळासारखं ‘पेत्तान, पेत्तान’ करायचं आणि दुसरीनं ‘होइ!’ म्हणायचं. होइ माझ्याकडे. एकमेकींची भाषा येत नव्हती, पण एवढ्यावर आमचं वर्ष झकास गेलं.

दिवाळीनंतर बाईंना झटका आला. हात-पाय सावरले, पण गिळणं बिघडलं. पाणीसुद्धा घट्ट करून द्यायचं. मोचीचं तर नावच नको. घशात अडकली तर संपलंच.

एक जानेवारीला मोची मिळाली नाही आणि बाईंनी तोंड मिटून घेतलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मोची खाल्ल्याशिवाय नवं वर्ष लागत नाही. म्हणजे त्या अजून जुन्या वर्षातच आहेत, आणि जुन्या वर्षाचं त्यांचं जेवून झालंय.

दोन दिवसांनी सकाळी त्यांची मुलगी मायुमी माझ्या दारात उभी. डोळे सुजलेले. ती इंग्रजीत बोलते, मी मराठीत समजून घेते आणि मोडक्या इंग्रजीत उत्तर देते.

“आशा-सान, आज संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही तर ॲडमिट करायचंय. नाकातून नळी घालणार. आई म्हणते, मी उपटून टाकीन. आणि टाकेल ती.” जरा थांबून म्हणाली, “मग हात बांधतात.”



“तुझ्या आईला मोची देऊ,” मी म्हटलं. “फक्त ती मोची नसेल.”

मी स्वयंपाकघरात तांदळाची पिठी काढली तशी आमची सून प्रणिता लॅपटॉप सोडून आली. “आई, तुम्ही त्यांच्या तोंडात काहीही घालायचं नाही. काही झालं तर पोलीस येतील. तुमचा सुबोध इथे नोकरीच्या पासवर आहे, तो रद्द होईल, विसरू नका.”

“अगं, मी कुठे भरवणारे? भरवणार मायुमी. मी फक्त खोटं बोलणार.”

“त्याचीच तर भीती वाटते!”

मोदकाची उकड काढली. मायुमी हॉस्पिटलातून शिकून आली होती, चमचा तिरका केला की घास अख्खा घसरून पडायला हवा. चिकटला तर नापास. माझी उकड चमचा उलटा केला तरी ढिम्म. सासूबाई असत्या तर पाठ थोपटली असती. त्यांच्या मोदकाची पारी इतकी पातळ, की आतलं सारण पाहुण्यांना ओळख दाखवायचं. पण मायुमीचा चेहरा पडला. मग दुसरी काढली. सैल, दूध जास्त, तूप सढळ, वर गाळणीतून घासून. या खेपेला घास सुळकन उतरला. मायुमीनं काट्यानं दाबून बघितला, खाऊन बघितला आणि मान हलवली. मला दारातच बजावलं, “घास तोंडात असताना तिला हसवायचं नाही.”

वाटीत एकावर एक दोन चपटे गोळे कसेबसे उभे केले आणि गेलो.

बाई उशीला टेकून ताठ बसल्या होत्या. गालफडं बसलेली. “इंडियाची मोची,” मी म्हटलं. “स्पेशल.”

बाईंनी चॉपस्टिकनं गोळा चिमटीत धरला आणि वर ओढला. खरी मोची ताणते, लांबच लांब. माझी लगेच तुटली. बाईंनी चॉपस्टिक खाली ठेवल्या, माझ्याकडे बघितलं आणि ओठ आवळले. मायुमीनं वाटीतून चमचा भरून घेतला.

“ताणत नाही, कारण ही आमच्या सशानं कुटलीय,” मी बोलून गेले. “तुमच्या चंद्रावर ससा मोची कुटतो ना? आमच्याही चंद्रावर ससाच आहे. पण आमचा चतुर्थी करतो.”

“चतुर्थी?” मायुमी म्हणाली.

“उपास गं. दिवसभर उपाशी राहायचं. चंद्र उगवलेला दिसला की मगच जेवायचं. सांग तिला.”

मायुमीनं सांगितलं. बाईंनी मान वळवली नाही, पण कान इकडे होता.

“आता हा गाढव बसलाय चंद्रावरच. त्याला चंद्र उगवलेला दिसणार कसा? युगं लोटली, उपास सुटलेला नाही. अंगात ताकद नाही, मुसळ उचलवत नाही. मोची ताणेल कुठून?”

मायुमी शब्द शोधत एकेक तुकडा सांगत होती. ऐकता ऐकता बाईंचे ओठ सुटले. मायुमीनं बोलता बोलताच घास आत सरकवला. आणि मग तिच्या तोंडून शेवटचं वाक्य पूर्ण झालं.

बाईंचे खांदे हलले.

हसू बाहेर आलंच नाही. चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं, हातानं चादर मुठीत आवळली. आवाज काही नाही. मायुमीनं त्यांना पुढे वाकवलं, पाठीवर थापा मारत जपानीत ओरडायला लागली. मी वाटी धरून नुसती उभी. हात बांधू नयेत म्हणून गेले होते, आणि माझ्या थापेनंच बाईंचा गळा बांधला होता.

मग खोकला आला. एक, मग मोठा, मग घोगरा, पाण्यासारखा. चादरीवर पांढरा ठिपका पडला. बाईंनी श्वास ओढला.

“आ म्हण,” मायुमी कानाशी ओरडत होती. “आई, आ!” आवाज ओला आला तर घास चुकीच्या वाटेनं गेला, असं तिला शिकवलेलं. बाई बोलेनात. त्या कधीच आ म्हणायच्या नाहीत, मी काय तान्हं बाळ आहे का म्हणायच्या.

मी बाईंची पाळी घेतली, पलंगाच्या दांडीवर मूठ आपटली. “पेत्तान, पेत्तान!”

काही नाही.

“पेत्तान, पेत्तान!” माझाच आवाज फाटला.

“होइ,” बाई म्हणाल्या.

मायुमीनं त्यांच्या गळ्याला कान लावला. “पुन्हा.”

“होइ!” आता रागानं.

“कोरडा आहे,” मायुमी म्हणाली आणि खालीच बसली. मग उठून वाटी उचलली. “पुरे. मी हॉस्पिटलला फोन करते. माझ्याच्यानं हे होणार नाही.”

बाईंनी वाटी घट्ट धरली. सोडेनात. मायुमी ओढतेय, बाई ओढतायत.

“बॅड मोची,” बाई मला इंग्रजीत म्हणाल्या. मग मायुमीला जपानीत काहीतरी.

“काय म्हणते?”

मायुमी डोळे पुसत हसली. “विचारतेय, सशाचं पुढे काय झालं.”

“जेव म्हणावं, मग सांगते.”

मायुमीनं नियम घातला. घास. हनुवटी खाली. गिळायचं. मग एक कडवं, स्वच्छ आवाजात. तोंड उघडून दाखवायचं. त्यानंतर मी एकच वाक्य बोलायचं, तेही विनोदी नको.

बाईंनी हनुवटी खाली घेतली, गिळलं, नव्या वर्षाचं कडवं म्हटलं, अगदी बारीक पण स्वच्छ, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “उसागी?” म्हणजे ससा.

मी एक वाक्य सांगितलं. मायुमीनं पुढचा घास भरला.

ससा जेवला की नाही, ते वाटी रिकामी होईपर्यंत मी सांगितलं नाही.