आमच्या घरातले लाफ्लेर आणि बाहेरचे

मित्रांनो, मी एक जुनी झुलती खुर्ची आहे. क्वेबेकमधल्या आमच्या गावच्या सुताराने मला बर्चच्या लाकडातून घडवलं आणि एक्झिल्डाबाई लाफ्लेरांच्या घरात नवी सून म्हणून आल्या, तेव्हा मला चुलीशेजारी आणून ठेवलं. मालकिणीचा संशयी स्वभाव मलाही लागला. दारात कुणी दिसलं, की त्यांचा प्रश्न ठरलेला, "तू कुणाचा रे?" आमच्याकडे असंच विचारतात. अर्ध्या गावाचं आडनाव एकच, मग बाप-आजा सांगितल्याशिवाय माणूस ओळखायचा कसा?

बाईंचे यजमान वारले. एकुलती एक लेक सोलांज लग्नाची झाली. एके दिवशी ती एका तरुणाला घरी घेऊन आली.

"कुणाचा रे तू?"

"रेजाँ लाफ्लेर, काकू. ओव्हिलाचा."

बाई झुलायच्या थांबल्या, मीही थबकले. त्याचंही आडनाव लाफ्लेर!

"आणि आजा?"

"माहीत नाही. वडील लवकर गेले. आत्यानं वाढवलं मला."

तो गेल्यावर बाई कडाडल्या, "आजा माहीत नाही म्हणे! काहीतरी लपवतोय. एका रक्ताच्या पोरांचं लग्न पाद्री लावेल होय?"

मलाही तो खटकलाच होता. वाटाण्याचं सूप त्याने दोनदा मागून घेतलं. इतकी घसट कशाला?

बाईंच्या मनात होता माझोरिक बिरोन. नुकतीच शेजारची शेती घेऊन तो इथे आला होता. आडनाव वेगळं, म्हणजे निर्धास्त! तो मेपलची साखर घेऊन यायचा आणि माझ्यावर ऐसपैस बसायचा. त्याला आजा कोण हे कुणी विचारलं नाही. मीही संशय घेतला नाही, याची मला आज लाज वाटते.

सोलांजने आईशी बोलणं सोडलं. ती जेवेनाशी झाली. शेवटी रडतच म्हणाली, "आई, नाही म्हणायच्या आधी त्याच्या आत्यांना तरी विचार!"

रविवारी प्रार्थना आटोपून रेजाँ फिलोमेनआत्यांना नदीपलीकडून घेऊन आला. आत्या माझ्यावर टेकल्या न टेकल्या, तोच बाईंनी विचारलं, "तुमचं 'ऊर्फ' काय आहे? लाफ्लेरच्या आधीचं मूळ आडनाव?"

"पोआरिए ऊर्फ लाफ्लेर. आमचा मूळपुरुष फौजेत शिपाई होता. फौजेत टोपणनावं देत, आणि लाफ्लेर तर प्रत्येक पलटणीत एकेक! नुसत्या नावावरून नातं लावलंत, तर अर्धं क्वेबेक तुमच्या भावकीत निघेल, बाई. तुमचं काय ऊर्फ?"

बाई घुटमळल्या. "माझे सासरे थेओफिल. मी इथे येण्याआधीच गेले ते. आधी बिरोन ऊर्फ लाफ्लेर होते म्हणे. लाकूडतोडीला इकडे आले आणि पुढचं बिरोन गळालं. कोण लक्षात ठेवतंय?"

आत्या माझ्यावर ताठ बसल्या. "थेओफिल बिरोन? अहो, माझोरिकचा आजा त्यांचा सख्खा भाऊ! माझं सासर त्यांच्याच गावात आहे."

ज्याला बाई जावई करायला निघाल्या होत्या, तो त्यांच्या नवऱ्याच्या चुलतभावाचा मुलगा निघाला. आणि ज्याला त्या दारातून हाकलत होत्या, त्याचं या घराशी रक्ताचं काहीच नातं नव्हतं.

"काकू, मी निघू?" रेजाँने हळूच विचारलं.

बाईंनी डोळ्यांना पदर... छे, ॲप्रनचं टोक लावलं. "निघतोस कुठे मेल्या? जेवून जा. आणि आत्यांना घट्ट धरून ने, अंगणात बर्फ आहे."

मित्रांनो, फिलोमेनआत्या त्याच हिवाळ्यात वारल्या. मायलेकींनी आणखी दोन महिने अबोला धरला असता, तर सोलांजच्या घरी आज रेजाँ नसता. संशय खुशाल घ्या, मी अजूनही घेते. पण घरातली म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा आणि विचारून घ्या. त्यांच्यामागे उत्तर द्यायला कुणी नसतं, आणि मला तर तोंडच नाही.