निळ्या टँकरपाशी

पहाटे वाळवंट केशरी होते. मग सुवर्णवर्णी झाले, मग पांढरे. आणि माध्यान्ही त्याला रंगच उरला नाही, उरले केवळ तेज. त्या निर्जल, निःशब्द, निस्तृण विस्तारातून रस्त्याची एक काळी रेघ गेली होती, आणि त्या रेघेवरून शंभरावर सायकली सळसळत निघाल्या होत्या.

त्यांत सन्मती होता, कृष्णाकाठचा, सांगलीकडचा. शर्यत त्याने जिंकायची नव्हतीच. अनेक टप्प्यांच्या या शर्यतीत त्याच्या संघाचा नायक मातेओ आघाडीवर होता. त्याला पाण्याच्या बाटल्या आणून द्यायच्या, वाऱ्यात आपल्या अंगाचा आडोसा द्यायचा, एवढेच सन्मतीचे काम. नाव कुणाचे, घाम कुणाचा!

पण आजचा टप्पा त्याचा होता. आज याच रस्त्यावर त्याचे आप्पा उभे राहणार होते.

आप्पाही पाणीच वाहत. या देशात टँकर चालवत, वाळूतल्या छावण्यांना पाणी पोचवत. सन्मतीला मिसरूड फुटण्याआधी ते इकडे आले. ते रजेवर गावी जात तेव्हा हा सायकलींच्या सराव-शिबिरात. हा घरी येई तेव्हा ते वाळूत. वर्षानुवर्षे बापलेकांची चुकामूकच. फोनवर आवाज होता, चेहरा होता, तळहात नव्हता. सन्मतीला तो तळहात हवा होता. डिझेलच्या वासाचा, धप्पकन पाठीवर पडणारा.

सायकलस्वारांत एक जुनी रीत आहे. वाटेत कुणाचे घरचे उभे असले, की सारा घोळका वेग आवरतो आणि त्या एकाला पुढे सोडतो. तो जातो, उतरतो, मिठी मारतो. मग घोळका येतो आणि त्याला पुन्हा पोटात घेतो.

"खुशाल जा," मातेओ सकाळी म्हणाला होता. "वडिलांना माझाही नमस्कार सांग."

आणि आप्पा फोनवर म्हणाले होते, "मी उजव्या अंगाला हुबा ऱ्हातो बाळा. हितं समदं उजवीकडनंच चालतंय. निळा टँकर दिसला की थांब."

संध्याकाळी भेटावे, तर शर्यतीचा मुक्काम दूर, आणि आप्पांना उन्हे कलण्याआधी पुढच्या छावणीला पाणी द्यायचे. भेट घडायची ती इथेच.

पण वारा उठला. वाऱ्याला कुणी रीतभात शिकवली आहे? उजवीकडून उठला, वाळू उधळत उठला, आडवा, आडमुठा, अनावर. असल्या वाऱ्यात घोळका कुणासाठी थांबत नाही. तो फुटतो, त्याचे तुकडे होतात, आणि जो सुटला तो संपला. एकमेकांच्या आडोशासाठी सरकत सरकत सगळे रस्त्याच्या डाव्या काठाला जाऊन चिकटले. आप्पांना रस्त्याचा नियम ठाऊक होता. वाऱ्याचा कुठून असणार?

मातेओ सन्मतीच्या आडोशाला होता, जीव मुठीत धरून. "सोडू नकोस मला!" तो ओरडला. सकाळचा शब्द केव्हाच उडून गेला होता.

आणि टँकर दिसला. निळा, धुळकट, उजव्या कडेला. त्यापुढे आप्पा, डोळ्यांत प्राण आणून उभे. फोनमध्ये त्यांचे खांदे कधी दिसले नव्हते. खांदे पार वाकले होते.

मध्ये एका रस्त्याची रुंदी. सन्मतीचे हात उजवीकडे वळू पाहत होते, आणि पाठीमागे मातेओ धापा टाकत होता. तो वळला असता तर मातेओची शर्यत तिथेच संपली असती. तो वळला नाही.

"आप्पाऽ!" त्याने हाक मारली. वाऱ्याने ती उचलली आणि डावीकडच्या वाळूत नेऊन टाकली. आप्पांची हाक मात्र त्याच वाऱ्यावर बसून आली.

"थांबू नगंस, सन्मत्या! वढ, वढ तसाच!"

मग आप्पा वळले. त्यांनी टँकरचा पाइप उचलला, चावी फिरवली, तोंडाशी अंगठा दाबून धार आभाळाकडे धरली. आणि ज्या वाऱ्याने भेट मोडली, त्याच वाऱ्याने ते पाणी ओंजळीत घेतले, रस्ता ओलांडला, आणि सन्मतीच्या तोंडावर आणून शिंपडले. गार, कोवळे, रबराच्या वासाचे पाणी. घोळक्यात कुणी शिव्या दिल्या, कुणी हसले. सन्मतीने ओठांवरून जीभ फिरवली.

टँकर मागे पडला, ठिपका झाला, तेजात विरून गेला. रस्ता पुढे, वाळू पुढे, वारा तसाच उजवीकडून. उजवा गाल वाऱ्याने बघता बघता सुकवला. डावा मात्र कितीतरी वेळ ओला होता. आणि त्या गालापर्यंत टँकरचे पाणी पोचलेच नव्हते.