नाईकाने घातलेली विजार

मित्रांनो, आधी पोटभर हसून घ्या, कारण मी एक जुनी विजार आहे. जाड लोकरीची, तपकिरी, आणि गुडघ्याखाली चार बोटांवर संपणारी. ब्रिटनच्या उत्तरेला सम्राटाने समुद्रापासून समुद्रापर्यंत भिंत बांधली आहे ना, तिथल्या ठाण्यात माझं आयुष्य गेलं. आज रोमच्या सैन्यात विजारीला पाहून कुणी नाक मुरडत नाही. पण माझ्या जन्माच्या वेळी घोडेस्वार सोडले तर विजार घालायची ती भिंतीपलीकडच्या रानटी लोकांनी, असं सगळे मानत. पायदळाच्या शिपायाचे गुडघे उघडेच हवेत, मग वरून बर्फ पडो नाहीतर गारा.

ठाण्याबाहेरच्या वस्तीत वेलिबिया नावाची बाई राहायची. डोंगरातल्या मेंढपाळांची ती मुलगी. तिने लोकर कातली, मला मागावर विणलं आणि वीण घट्ट बसावी म्हणून मला उग्र वासाच्या कशात तरी भिजवून तुडवलं. कशात, ते मी सांगणार नाही. माझीही काही अब्रू आहे! ही सगळी खटपट तिने आपल्या नवऱ्यासाठी केली. त्याचं नाव रेबुरुस. हिस्पानियाच्या उन्हात वाढलेला हा शिपाई इथल्या थंडीने पार खिळखिळा झाला होता. मागच्या हिवाळ्यात त्याचे गुडघे असे सुजले की तो महिनाभर दवाखान्यात पडून होता. आता नोकरीचा एकच हिवाळा उरला होता. तो उभ्याने काढला तर त्याला रोमचं नागरिकत्व मिळणार होतं. पुन्हा अंथरूण धरलं तर निकामी म्हणून घरी पाठवणार होते, आणि सारी चाकरी पाण्यात जाणार होती.

"घाल गुपचूप," वेलिबिया म्हणाली.

"अगं, पोरं दात काढतील मला बघून."

"काढू देत. त्यांच्या हसण्याने तुझे गुडघे सुजत नाहीत."

शिपायाचा अंगरखा मुळात चांगला लांब असतो, मित्रांनो. कमरेला पट्टा आवळायचा, अंगरखा वर ओढून घ्यायचा आणि गुडघे उघडे ठेवायचे, ही सैन्याची रीत. रेबुरुसने पट्टा सैल बांधला, अंगरखा खाली सोडला आणि मी झाकली गेले. त्या दिवसांत मला केवढा अभिमान वाटायचा! वारा यायचा, मला चाचपायचा आणि हात हलवत परत जायचा. रेबुरुस पाळीवर चक्क शीळ घालू लागला.

ती शीळच त्याला नडली. शंभर शिपायांवरचा नाईक विबियुस मोठा करडा माणूस. त्याचा बाप आणि आजा याच सैन्यात झिजले होते. थंडीत शीळ घालणारा शिपाई त्याने जन्मात पाहिला नव्हता. सकाळच्या रांगेत तो रेबुरुससमोर थांबला आणि त्याने आपली द्राक्षवेलीची छडी अंगरख्याच्या काठाला लावली.

"हा अंगरखा आहे की परकर?" असं म्हणत त्याने काठ वर उचलला. मी उघडी पडले. सगळी रांग फिदीफिदी हसली.

"नाईक, गुडघे फार दुखतात हो," रेबुरुस म्हणाला.

"माझ्या बापाचे दुखले नाहीत वाटतं? सोड पट्टा!"

पट्टा काढून घेणं ही शिपायाची मोठी नाचक्की. बिनपट्ट्याचा अंगरखा पोटऱ्यांपर्यंत लोंबतो, आणि तशा ध्यानात कचेरीसमोर दिवस मावळेपर्यंत उभं राहायचं. मला तर विबियुसने ओढून काढलं आणि आपल्या खोलीत कोपऱ्यात भिरकावलं. दिवसभर बर्फमिश्रित पाऊस पडत होता. संध्याकाळी रेबुरुसला चौघांनी उचलून दवाखान्यात नेलं. पुढच्या मोठ्या हजेरीला हा उभा राहिला नाही तर वर कळवावं लागेल, असं वैद्याने स्पष्ट सांगितलं. मी कोपऱ्यात पडून होते. ज्यासाठी जन्मले तेच काम हातून गेलं, म्हणून मला रडू येत होतं.

दुसऱ्या दिवशी वेशीजवळ वेलिबियाचा आवाज चढला. तो थेट माझ्या कोपऱ्यापर्यंत आला.

"नाईक, माझी विजार परत द्या!"

"बाई, घरी जा. माझ्या शिपायांनी विजारी घातल्या तर भिंतीच्या आतले कोण आणि बाहेरचे कोण, हे ओळखायचं कसं?"

"ओळखू नका! तुमच्या रोमला गुडघे नसतील, माझ्या नवऱ्याला आहेत!"

पहारेकरी खोकल्याचं निमित्त करून हसले. विबियुस पाठ फिरवून आत आला. पण थंडी नाईकाचाही हुकूम मानत नव्हती. आठवडाभरात आणखी शिपाई आजारी पडले, भिंतीवर उभं राहायला माणसं पुरेनात, आणि एका पहाटेची पाळी विबियुसने स्वतः केली. बापासारखीच, उघड्या गुडघ्यांनी. परतला तेव्हा बोटं इतकी गारठली होती की त्याला दाराची कडी लावता येईना. तो खाटेवर बसला. मग हात लांबवून त्याने मला कोपऱ्यातून उचललं.

"कुणाला सांगायचं नाही," तो मला म्हणाला आणि त्याने मला चढवलं.

मित्रांनो, त्याचे गुडघे रेबुरुसपेक्षाही सुजलेले होते. एवढी वर्षं तो हे दुखणं गिळत आला होता. माझा त्याच्यावरचा राग तिथेच विरघळला.

सकाळी रांगेपुढे तो उभा राहिला तेव्हा त्याचा पट्टा सैल होता आणि अंगरखा गुडघ्यांखाली उतरला होता. सगळ्यांनी पाहिलं. हसायची छाती कुणाची झाली नाही.

"आजपासून हिवाळ्यात अंगरखा गुडघ्यांखाली असेल," तो गरजला. "आत काय आहे, ते मी विचारणार नाही. आणि माझ्याही आत काय आहे, ते कुणी विचारायचं नाही!"

मग तो दवाखान्यात गेला आणि त्याने मला रेबुरुसच्या पायांवर पांघरलं. "ही तुझी. बायकोला सांग, मलाही एक विण म्हणावं. कमरेला जरा ढिली."

मोठ्या हजेरीला रेबुरुस माझ्यासकट उभा राहिला. वसंतात तो रोमचा नागरिक झाला. त्या संध्याकाळी तो मला उराशी धरून लहान मुलासारखा रडला.

पुढे वर्षं सरली. अंगरख्यांना मनगटापर्यंत बाह्या आल्या, विजारी घोट्यापर्यंत उतरल्या आणि उजळ माथ्याने फिरू लागल्या. रेबुरुस म्हातारा होऊन आपल्या घरात शांतपणे गेला. मी पेटीत पडून राहिले, कसरीच्या तावडीत. आज त्याच्या नातवाने मला बाहेर काढलं. तोही आता शिपाई आहे.

"आजी, ही गुडघ्याशीच संपली की गं! आजोबांना कापड पुरलं नाही का?"

"बापड्या, तुझी घोट्यापर्यंत आली ती हिच्यामुळे," वेलिबिया म्हणाली आणि तिने कात्री घेतली. नातवाच्या विजारीला गुडघ्यांवर माझे दोन जाड तुकडे लावायचे, असं तिने ठरवलं आहे. तेही बाहेरून, सगळ्यांना दिसतील असे.

मित्रांनो, कुणाचे कपडे वेगळे दिसले तर हसण्याआधी त्याला थंडी वाजते का, ते विचारा. आणि जुना कपडा पेटीत कुजवू नका. त्याला काम द्या. मला कात्रीचं भय वाटत नाही. उद्या पहाटे नातवाची भिंतीवर पहिली पाळी आहे, आणि मी त्याच्याबरोबर जाणार आहे.